कवडीपाटचा चक्रवाक

न पाहिलेल्या गोष्टींवर तासन्‌तास बोलता येणे ही आम्हां मास्तर लोकांची खास विद्या आहे. गेली बावीस वर्षे मी कॉलेजात मराठी शिकवितो. एवढ्या काळात वर्गात किती हंस पोहायला लावले, किती चातक तहानेले ठेवले आणि किती चक्रवाकांची सूर्यास्ताला ताटातूट केली, याची मोजदाद नाही. पण खिडकीवर घाण करणारे पारवे सोडले, तर पक्षिजगताशी माझा संबंध केवळ शाब्दिक!

गेल्या डिसेंबरात ज्ञानेश्वरीचा सोळावा अध्याय चालला होता. आरंभीच ज्ञानदेवांनी सद्गुरूला सूर्य कल्पिले आहे. बुद्धी आणि बोध हे चक्रवाकांचे जोडपे भेदाच्या नदीच्या दोन तीरांवर एकमेकांसाठी आक्रोश करीत असते. हा सूर्य उगवला की त्यांची भेट होते. मी अगदी रंगात आलो होतो. इतक्यात मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, हा पक्षी खरंच असतो का?"

"अगं, हा कविसंकेत!" मी ऐटीत म्हणालो. "असले पक्षी पोथीतच राहतात."

तास संपल्यावर ती मोबाईल घेऊन माझ्यापाशी आली. पडद्यावर नारिंगी रंगाचे एक गुबगुबीत बदक होते. "सर, हा चक्रवाक. रविवारी मी कवडीपाटला काढलाय हा फोटो." हे तिने भर वर्गात दाखविले नाही, हा तिचा मोठेपणा.

पुढच्या रविवारी तिच्या पक्षिवेड्या मंडळींबरोबर आम्हीही निघालो. "अहो, मफलर घ्या. पक्षी दिसोत न दिसोत, खोकला नक्की होईल," असे बजावून ही चहाचा थर्मास घेऊन स्वतःच आधी गाडीत बसली.

सकाळी प्रथम पाषाण तलाव गाठला. हा राम नदीवर बांध घालून केलेला. पाण्यावर धुके होते आणि काठाला जलपर्णीचा हिरवा गालिचा. त्यावरून जांभळी पाणकोंबडी लांब बोटांची पावले टाकीत चालली होती. टिबुकली बुडी मारी ती भलतीकडेच वर येई. काळ्या अंगाचे आणि कपाळावर पांढरा टिळा असलेले काही पक्षी मी बोटाने दाखविले. "ते वारकरी," मुलगी म्हणाली. मी मनोमन हात जोडले! चोचीला पिवळे टोक आणि मुळाशी दोन तांबडे ठिपके असलेले बदक दिसले. त्याचे नाव हळदीकुंकू. "हे नाव मात्र बाईनंच ठेवलं असणार," असा निकाल हिने दिला.

ही नावे ऐकताना मारुती चितमपल्लींची आठवण झाली. वनखात्यात आयुष्य घालविलेल्या या माणसाने पक्षिकोश लिहिला, आणि 2006 साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. तो कोश आमच्या विभागाच्या कपाटातही आहे. मी तो उघडला नव्हता, एवढेच.

दुपारी घरच्या पोळीभाजीचा समाचार घेऊन आम्ही सगळे शहर ओलांडले आणि सोलापूर रस्त्याने कवडीपाटला पोहोचलो. मुळा-मुठा पुण्यातून बाहेर पडून इथे येते. पक्ष्यांच्या आधी वासाने आमचे स्वागत केले. पाण्यावर साबणासारखा फेस तरंगत होता, काठच्या झुडपांना प्लास्टिकच्या चिंध्या लटकल्या होत्या. आणि त्याच पाण्यात तांबड्या काटकुळ्या पायांचे शेकाटे चरत होते, धोबी शेपट्या हलवीत दगडांवरून धावत होते.

"एवढे पक्षी आहेत म्हणजे पाणी काही वाईट नसेल," मी म्हणालो.

"नाही सर. सांडपाण्यात किडे आणि अळ्या माजतात, त्यावर यांचं भागतं. ज्यांना स्वच्छ पाणी लागतं, ते इथे राहत नाहीत."

मग तिने दुर्बीण माझ्या हाती दिली आणि पलीकडच्या खडकाकडे बोट केले. तिथे दोघे होते. भगव्या-तपकिरी अंगाचे, फिकट डोक्याचे, एकमेकांना अगदी खेटून बसलेले. हे लडाख, तिबेट, मध्य आशियाकडे अंडी घालतात, हिमालय ओलांडून हिवाळ्यापुरते इथे येतात आणि उन्हाळ्याच्या सुमारास परततात, असे तिने सांगितले. बावीस वर्षे ज्यांना मी पोथीत कोंडले होते, ते माझ्यापासून तासाभराच्या वाटेवर दर हिवाळ्याला येत होते.

दिवस मावळू लागला. दोघेही उठले. उडताना पंखांतला पांढरा रंग चमकला. थोड्या वेळाने अंधारातून एक सानुनासिक हाक आली. तिला दुसरीकडून उत्तर मिळाले. हे पक्षी बरेचसे रात्री चरतात आणि हाकांनी एकमेकांचा माग ठेवतात. कधी काळी नदीकाठच्या कोणी या हाका ऐकल्या असतील आणि त्यांतूनच ती विरहकथा जन्मली असेल. ऐकणाऱ्याचे कान उघडे होते. डोळे मिटले होते ते माझे.

ही मात्र फेसाकडे पाहत होती. "पाहुणे हिमालय ओलांडून आले," ती म्हणाली, "आणि आपण त्यांना मोरीत उतरवलं. सकाळी मी भांडी घासली, ते पाणीही इथंच आलं असेल ना हो?"

यावर मराठीच्या प्राध्यापकापाशी उत्तर नव्हते. परतताना गाडीत कोणी फारसे बोलले नाही.

सोमवारी वर्गात जाऊन मी आधी चूक कबूल केली. मग त्या मुलीला पुढे बोलावून चक्रवाकावर दहा मिनिटे बोलायला लावले. बावीस वर्षांत वर्ग इतका शांत मी पाहिला नव्हता.

चितमपल्लींचा जन्मदिवस 5 नोव्हेंबर, सलीम अलींचा 12 नोव्हेंबर. या दोन तारखांमधला आठवडा 2020 पासून महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. म्हणजे दिवाळीच्या आगेमागेच पाहुणे यायला लागतात. वाचकहो, फराळाचे डबे जरा रिकामे झाले की एखाद्या रविवारी मुलाबाळांना घेऊन आपल्या गावचे तळे गाठा. थर्मास विसरू नका. आणि कवडीपाटला जाणार असाल, तर नाकाला लावायला एक रुमालही असू द्या.