पाइपाच्या पोटाखाली

एका उपसा सिंचन संस्थेच्या पोलादी पाइपलाइनच्या देखभालीला मी होतो. गळती लागली की चर उघडायचा, आणि भोक सापडायचं ते हटकून पोटाखाली. पाठ तांबूस पण शाबूत. खाली मात्र गंजाचे फोड. खरवडले की आत काळा चिखल आणि बारीक छिद्र. मुरमाड पट्ट्यात हे क्वचित, काळ्या रानात नेहमीचं.

"माती खारी आहे, साहेब," आमचे जुने फिटर अण्णा म्हणायचे. क्षारांचा हात होताच, त्यांच्यामुळे मातीतून वीज सहज वाहते. पण मग पाठ कशी वाचली?

मेख चर बुजवण्याच्या रीतीत होती. पाइप टेकतो न हललेल्या, घट्ट, ओल्या तळावर; वरून पडते भुसभुशीत माती. वर हवा खेळते, खाली ती पोचत नाही. प्राणवायू जास्त तिथे गंज जास्त, असा आपला समज. इथे उलटं घडतं. एकाच पाइपाची बॅटरी होते: हवेशीर पाठीवर प्राणवायू इलेक्ट्रॉन घेत राहतो आणि ते पुरवता पुरवता पोटाकडचं लोखंड विरघळतं.

केंब्रिजच्या युलिक इव्हान्स यांनी 1920च्या दशकात हे खाऱ्या पाण्याच्या थेंबात दाखवलं. तो प्रयोग मी अण्णांसमोर केला. घासलेल्या पत्र्यावर मिठाच्या पाण्याचा थेंब, त्यात फिनॉल्फ्थॅलीन आणि पोटॅशियम फेरिसायनाइड. काही वेळाने थेंबाची कड गुलाबी झाली, मध्य निळा. निळं म्हणजे विरघळतं लोखंड, आणि ते थेंबाच्या मधोमध, जिथे हवा सगळ्यात कमी पोचते.

"म्हणजे हवा खातो एक आणि झिजतो दुसराच," अण्णा म्हणाले. "आमच्या भावकीसारखं."

मग पोटालाच डांबराचा लेप दिला तर? हे त्यांनीच विचारलं. धोका तिथेच आहे. लेपात टाचणीएवढी खोट राहिली, तर अख्ख्या उघड्या पाठीचा भार त्या एका ठिपक्यावर येतो आणि भोक आणखी लवकर पडतं. लेप द्यायचा तर गोल फिरवून पूर्ण, आणि पाठ तर मुळीच सोडायची नाही.

पुढच्या दुरुस्तीत चर खोल घेतला, पाइपाच्या खाली-वर, चहूबाजूंनी एकच वाळू भरली. शेजारी मॅग्नेशियमचा ठोकळा पुरून तारेने पाइपाला जोडला. पोलादाच्या आधी तो झिजतो. वाळूचं बिल बैठकीत लगेच मंजूर झालं. झिजायलाच धातू विकत घ्यायचा, हे संचालकांच्या गळी उतरवायला मात्र चहाच्या दोन फेऱ्या लागल्या.