शरणपूरच्या मावशी

आज नाशिकमध्ये शरणपूर रोड म्हटलं की बँका, दवाखाने, क्लासेस आणि सिग्नलला खोळंबलेल्या गाड्या डोळ्यांपुढे येतात. ज्या शरणपूरवरून रस्त्याला हे नाव पडलं, ते गाव शहराच्या पोटात कधीच विरघळलं. मी मात्र त्या गावचं मीठ खाल्लंय. येवल्याच्या विणकराच्या मुलीला नाशिकमध्ये शिकता आलं ते तिथल्या एका मावशींमुळे. त्यांच्याकडेच मी भाड्याच्या खोलीत राहायचे.

चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनी 1854 मध्ये नाशिक शहराबाहेर ही ख्रिस्ती वस्ती वसवली. शाळा, अनाथ मुलांचा आश्रम, सुतारकाम-लोहारकाम शिकवण्याची सोय आणि उपासनेची जागा, एवढा त्या गावाचा पसारा. धर्म बदलला म्हणून ज्यांना घरचं दार बंद झालं, ती माणसं इथे आली. आणि आली आफ्रिकेची मुलं. अरबांच्या गलबतांतून गुलाम म्हणून विकायला नेली जाणारी ही मुलं इंग्रजी आरमाराने समुद्रात सोडवायची आणि मुंबईला उतरवायची. मुंबईत त्यांच्यासाठी झटणाऱ्यांत कार्ल विल्हेल्म आयझेनबर्ग हे जर्मन मिशनरी होते. आधी ते इथिओपियात राहिलेले, तिथल्या अम्हारिक भाषेचा शब्दकोश केलेले. पुढे त्यातली कितीतरी मुलं शरणपुरात वाढली. गोदावरीकाठी आफ्रिकेची पोरं रंधा मारत होती, ऐरण ठोकत होती, हे चित्र मला अजून विलक्षण वाटतं.

हे सगळं मला मावशींनी सांगितलं, भाकऱ्या थापता थापता. पहिल्या दिवशी मी कुठली म्हणून विचारलं आणि येवल्याची म्हटल्यावर त्यांचे हात थांबले. "म्हणजे बाबासाहेबांच्या येवल्याची?" आमच्या गावाला बाहेरचे लोक पैठणीने ओळखतात, फार तर तात्या टोप्यांचं गाव म्हणून. मावशींना आधी 13 ऑक्टोबर 1935 ची परिषद आठवली. हिंदू म्हणून मरणार नाही, असं बाबासाहेबांनी जिथे जाहीर केलं ते गाव. धर्म सोडण्याची किंमत काय असते हे त्यांच्या घराला पिढ्यान् पिढ्या ठाऊक होतं, म्हणून येवल्याचं नाव त्या आदराने घेत. ख्रिस्ती झालेल्या लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' त्यांच्या कपाटात बायबलशेजारी असे. लक्ष्मीबाईंचं जलालपूर नाशिकपासून जवळच, त्यामुळे मावशी त्यांच्याबद्दल माहेरच्या माणसासारखं बोलत.

त्यांचा सगळ्यांत लाडका मात्र जेकब वेनराइट. शरणपुरात शिकलेला हा मुलगा आफ्रिकेत फिरणारे मिशनरी संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्या शेवटच्या प्रवासात सामील झाला. 1 मे 1873 ला लिव्हिंगस्टन आफ्रिकेच्या आत खोलवर वारले. त्यांच्या माणसांनी काळीज तिथेच एका झाडाखाली पुरलं. वेनराइटने अंत्यविधीची प्रार्थना वाचली आणि झाडाच्या बुंध्यावर नाव नि तारीख कोरली. मग महिनोन् महिने चालत त्यांनी देह समुद्रकिनाऱ्यावर आणला. 18 एप्रिल 1874 ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत दफन झालं, तेव्हा शवपेटीला हात लावणाऱ्यांत वेनराइट होता. त्याने लिहिलेली डायरी आधी छापली गेली ती जर्मन भाषांतरात, त्याच वर्षी. त्याच तांड्यातला मॅथ्यू वेलिंग्टनही नाशिकमध्ये शिकलेला. तो मोम्बासात वारला 1935 मध्ये, येवल्याच्या परिषदेच्याच साली. प्राइससाहेबही पुढे शरणपूरच्या अनेक आफ्रिकी लोकांना घेऊन मोम्बासाजवळ गेले आणि 1875 मध्ये तिथे फ्रीअरटाऊन नावाचं गाव वसवलं. एका छोट्या वस्तीने समुद्रापलीकडे दुसरं गाव वसवावं, ही लहान गोष्ट नव्हे. नाशिकच्या शाळांतून ती शिकवायला हवी असं मला मनापासून वाटतं.

आता माझी गोष्ट. शिक्षणाच्या दुसऱ्या वर्षी वडिलांची दृष्टी अधू झाली. पैठणीच्या पदरावर मोर विणायचा तर एकेका धाग्यावर नजर लागते. तिल्ल्यांवर रंगीत रेशीम गुंडाळून, रेशमी ताण्यातून हाताने नक्षी भरायची. दिवसभर बसलं तर काही बोटं पदर पुढे सरकतो. धाकटा भाऊ मागावर बसला, पण त्याचा हात बसेपर्यंत घरात पैसा येईना. मी सामान बांधायला घेतलं. मावशींनी ट्रंक परत कॉटखाली सरकवली आणि म्हणाल्या, "भाड्याचं नंतर बघू. परीक्षा कधी आहे ते सांग." ते नंतर कधी आलंच नाही. रविवारी त्या उपासनेला संत आंद्रिया चर्चमध्ये जात. कधीकधी मीही जाऊन मागच्या बाकावर बसे. नारायण वामन टिळकांची पदं पेटी-तबल्यावर सुरू झाली की आमच्या आळीतल्या भजनाची आठवण येई. तू आमच्यात ये, असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. चतुर्थीला माझ्यासाठी साबुदाणा भिजवलेला असायचा.

मला नोकरी लागल्यावर पहिल्या पगारातून भाड्याचे पैसे घेऊन गेले. त्यांनी पाकिटाला हात लावला नाही. मग भावाने त्यांच्यासाठी पैठणी विणली, जांभळी, पदरावर मोर. नाताळच्या आदल्या आठवड्यात ती घेऊन आम्ही दोघं शरणपूरला गेलो. मावशींनी घडी उलगडली, पदर उलटा करून मागची बाजू पाहिली, मोरावरून बोट फिरवलं आणि भावाला विचारलं, "किती दिवस लागले?" त्याने सांगितलं. त्या आत गेल्या, कपाटातून पैसे आणले आणि त्याच्या हातावर पूर्ण किंमत मोजली. मी अडवायला लागले तर म्हणाल्या, "खोली माझी होती गं, तिचं मी बघून घेईन. हा त्याचा घाम आहे. तो मी फुकट नेसणार नाही." नाताळच्या उपासनेला त्या तीच नेसून गेल्या.

मावशी आता नाहीत. पैठणी त्यांच्या मुलीकडे आहे. परवा तिचा फोन आला, पदराजवळची जर थोडी उसवलीय म्हणून. भाऊ म्हणाला, पाठवून दे, करून देतो. तिने लगेच विचारलं, "मजुरी किती होईल, दादा?"