तोंडातला दोरा

अक्कानं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीनं, पार्लर टाकलं तेव्हा अभ्यासवर्गातल्या एका दोस्तानं मला डिवचलं. "काय कवी, आता क्रांती का फेशियल?" साला, बोलणाऱ्याच्या स्वतःच्या शर्टाला कडक इस्त्री होती.

दोस्तांनो, डिसेंबर 1927 आठवा. महाडच्या परिषदेत बाबासाहेब आयाबायांशी बोलले. लुगडं सवर्ण बायकांसारखं नेसा, गळाभर गळसऱ्या अन् कोपरापर्यंतचे चांदी-कथलाचे दागिने टाका, ती अस्पृश्यतेची खूण आहे, असं सांगितलं. बाईनं कसं दिसायचं हा सवाल चळवळीत तेव्हापासून आहे. तो नुसता पावडरीचा नाही.

अक्काचं भांडवल म्हणजे सहा महिन्यांचा कोर्स, भंगारातली खुर्ची, एक आरसा, वॅक्स तापवायचं भांडं. मुद्रा योजना 2015 ची, शिशू गटात 50 हजारांपर्यंत कर्जाला तारण लागत नाही. तरी बँकेतल्या साहेबानं जामीनदार मागितला. शेवटी आईची भिशी अन् माझा ओव्हरटाइम. मेन रोडच्या गाळामालकाला भाडं पटलं, आडनाव पटलं नाही. म्हणून वस्तीच्या तोंडाशीच पत्र्याची खोली घेतली.

मी सूतगिरणीत सायडर, रिंगफ्रेमवर तुटलेले धागे जोडतो. म्हटलं, गिरणीतलंच सूत आणतो. अक्का हसली. एकेरी सूत भुवईवर ताणलं की तुटतं. थ्रेडिंगला पीळदार, दोन-तीन पदरी शिलाईचा दोरा लागतो. एक टोक दातात, बाकीचा दोन्ही हातांत, मधे पीळ. तो पीळ कात्रीसारखा उघडतो-मिटतो अन् केस मुळासकट उपटतो. दातातलं टोक थुंकीनं ओलं होतं. तोच दोरा गिऱ्हाइकाच्या कपाळावर फिरतो.

आता पेशवाईतलं पुणं आठवा. अस्पृश्याच्या गळ्यात थुंकीसाठी मडकं. त्याची थुंकी जमिनीवर पडली अन् हिंदूचा पाय तिच्यावर पडला तर तो बाटेल म्हणून. बाबासाहेबांनी 1936 साली 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये हे लिहून ठेवलंय.

पलीकडच्या गल्लीतल्या एक बाई तीन-चारदा आल्या. नंतर त्यांना कुणीतरी आडनाव सांगितलं असणार. खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाल्या, "दोरा तोंडात नको धरूस. गळ्यात बांध."

गळ्यात! मी दारात जेवणाचा डबा घेऊन उभा. मस्तकात तिडीक गेली.

अक्का शांत. 2020 च्या कोरोनानंतर गळ्यात दोरा अडकवून काम करणाऱ्या पुष्कळ आहेत, तिलाही ती रीत येते. म्हणाली, "वहिनी, रोगराईसाठी म्हणत असाल तर आजपासून सगळ्यांनाच तसं करते. तुमच्या एकटीपुरतं म्हणत असाल तर नाही करायची."

बाई आरशात बघत राहिल्या. मग पुटपुटल्या, "सगळ्यांनाच कर की."

अक्कानं गळ्यात दोरा अडकवला, आयब्रो केल्या, 30 रुपये घेतले.

रात्री मी भांडलो. गळ्यातच का? ती म्हणाली, "दोरा धरून धरून माझ्या पुढच्या दाताला खाच पडलीय, ती कधी बघितलीस? तू कविता लिही. मला एक तारखेला भाडं द्यायचंय."

मला अजून पटलेलं नाही. कविता तीनदा लिहून फाडली. त्या बाई मात्र पंधरा दिवसांनी परत आल्या, बरोबर नणंदेला घेऊन.