बॉल कोणाचा?

मेसच्या दारावर नोटीस लागली होती – ‘मराठी विभागासाठी लेख हवेत. कविता पुरेशा आल्या आहेत.’ म्हटलं, चला, आपल्याला एक तरी जागा रिकामी आहे! पण आधीच सांगून ठेवतो. मी पहिलीपासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंटचा. ‘एकोणसाठ’ म्हणजे फिफ्टी नाइन की सिक्स्टी नाइन, हे मला आजही मनातल्या मनात जुळवावं लागतं. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ पोटात घाला आणि पुढे वाचा.

हॉस्टेलवर मला सगळे ‘फुटबॉलवाला’ म्हणून ओळखतात. रात्री दीड वाजता कुठल्याही रूममधून ‘गो...ल’ असा आवाज आला की रेक्टर सर थेट माझ्याच दारावर थाप मारतात. फर्स्ट इयरला आलो तेव्हा सीनियर्सनी विचारलं होतं, "क्लब कोणता रे तुझा?" बाकीच्यांची उत्तरं बार्सिलोना, मँचेस्टर, लिव्हरपूल अशी चालली होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "जामनेर." सगळे हसले. मीपण हसलो. पण खरं सांगू? उत्तर बरोबर होतं.

जामनेर म्हणजे जळगाव जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. कांग नदीच्या काठी. कापूस, केळी, जिनिंग आणि ऊन! आमच्या गल्लीत खेळांचे सीझन असायचे, आणि ते कोण ठरवायचं हे मला अजून कळलेलं नाही. एका सकाळी अचानक सगळ्यांच्या खिशात गोट्या वाजायला लागायच्या. मग कधीतरी गोट्या गायब आणि हातात भोवरे. संक्रांतीला पतंग, उन्हाळ्यात विटी-दांडू, पावसाळ्यात चिखलात सळई रुतवत जायचा खेळ. लगोरी मात्र बाराही महिने, कारण तिला फरशीचे सात तुकडे आणि एक चेंडू एवढंच लागतं.

या सगळ्या खेळांत माझा हुद्दा एकच – कच्चं लिंबू. म्हणजे आउट झालो तरी आउट नाही, माझ्यावर राज्य नाही, आणि कोणी मला धरायलाही धावायचं नाही. डोळ्यावर चष्मा, पायात शाळेचे काळे बूट आणि तोंडात ‘धिस इज नॉट फेअर’. दुसरं काय होणार?

गल्लीचा राजा होता बारक्या. खरं नाव फक्त शाळेच्या हजेरीत. तो मराठी शाळेत जायचा, वयाने माझ्यापेक्षा वर्षभर मोठा, अंगाने निम्मा. लगोरीत त्याचा नेम चुकलेला मी तरी पाहिला नाही. विटी तर अशी टोलवायचा की ती शोधायला दोन पोरं कायमची राखून ठेवलेली असायची.

फुटबॉल माझ्या आयुष्यात आला तो तापात. जुलै 2014. मी नऊ वर्षांचा. रात्री दीडचा सुमार, मला झोप नाही, म्हणून पप्पांनी टीव्ही लावला. वर्ल्ड कपची सेमीफायनल, ब्राझील विरुद्ध जर्मनी. अर्ध्या तासाच्या आत जर्मनीचे पाच गोल! पप्पा क्रिकेटवाले. ते म्हणाले, "एकच गोल फिरवून फिरवून दाखवू राह्यले वाटतं." शेवटी स्कोअर 7-1 झाला तेव्हा त्यांना पटलं. मला ताप होता की नव्हता ते आठवत नाही, पण त्या रात्रीनंतर तो उतरला नाही, एवढं नक्की.

पुढच्या मे महिन्यात मामाकडे कोल्हापूरला गेलो. मामाची तिथे नोकरी. त्याने मला शाहू स्टेडियमवर नेलं आणि मी अक्षरशः वेडा झालो. आपल्या महाराष्ट्रात क्रिकेट सोडून दुसऱ्या खेळाला एवढी माणसं येतात? तिथे पेठापेठांच्या तालमींचे संघ आहेत – पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल. जिथे कुस्तीची माती, तिथूनच फुटबॉलच्या टीम निघाल्या. माझ्या शेजारी बसलेले एक आजोबा गोलकीपरला नावाने हाक मारून शिव्या देत होते आणि पुढच्याच मिनिटाला त्याचंच कौतुक करत होते. घरचाच पोरगा असावा तसं!

निघताना मामाने बॉल घेऊन दिला. खरा, मोठा, पाच नंबरचा, सोबत छोटा पंप आणि हवा भरायची पिन. महाराष्ट्र एक्सप्रेसने पाचोऱ्यापर्यंत आणि तिथून पीजेने जामनेरपर्यंत तो माझ्या मांडीवर होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी – पीजे म्हणजे पाचोरा-जामनेर, 56 किलोमीटरची नॅरो गेज गाडी. ती 2020 च्या लॉकडाऊनमध्ये थांबली. तोवर संध्याकाळच्या पीजेची शिट्टी झाली की आमच्या गल्लीत खेळ बंद व्हायचा. घड्याळ कोणाकडे होतं?

बॉल आला आणि एका दिवसात कच्चं लिंबू कॅप्टन झालं! टीम मी पाडायचो. मॅच माझ्या ट्यूशनच्या वेळा पाहून व्हायची. दोन विटा इकडे, दोन विटा तिकडे, झाले गोलपोस्ट. वरचा बार नाही, त्यामुळे कीपरचा हात पोचतो तिथवर गोल आणि त्याच्या वर आउट, असा नियम. मी सोडून सगळे अनवाणी. पुढे वाचनात आलं की 1911 साली मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून आयएफए शील्ड जिंकली, तेव्हा त्यांचेही जवळजवळ सगळे खेळाडू अनवाणी होते. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्रान्सशी 2-1 ने हरलेल्या भारतीय संघातही बरेच जण बुटांशिवाय खेळले होते. तेव्हा बूट फक्त माझ्या पायात होते, पण फुटबॉल बाकीच्यांच्या पायात होता, असं म्हणायला हरकत नाही.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो. 2016 ची दिवाळीची सुट्टी. मी अकरा वर्षांचा. स्कोअर बरोबरीत, पीजे यायची वेळ झालेली. बारक्याने तिघांना चुकवलं आणि लांबून मारला. बॉल कीपरच्या हाताला घासून विटांच्या मधून गेला. मी ओरडलो, "वरून गेला! नो गोल!" बारक्या म्हणाला, "हाताला लागला भो, वरून कसा?" माझ्या टीमची पोरंपण म्हणाली, गोल आहे. कीपर स्वतः म्हणाला, गोल आहे. मी गेलो, बॉल उचलला, काखेत मारला आणि म्हणालो, "माझा बॉल आहे. मी चाललो."

घरी आलो. वाटलं, येतील पाच मिनिटांत विनवण्या करायला. कोणी आलं नाही. आजी ओट्यावर वाती वळत होती, तिने सगळं ऐकलं होतं. आजीचं माहेर धुळ्याकडचं, राग आला की ती अहिराणीवर उतरते. वर न बघता म्हणाली, "चेंडू तुना शे, पन खेय तुना एकलाना शे का?"

दुसऱ्या दिवशी गल्लीत नेहमीसारखा आरडाओरडा ऐकू आला. गच्चीवर जाऊन पाहिलं तर मॅच चालू! जुन्या मोज्यांत चिंध्या कोंबून, वरून सुतळी आवळून त्यांनी बॉल बनवला होता. जगात सगळीकडे पोरं हेच करतात. पेलेसुद्धा लहानपणी मोज्यात चिंध्या आणि कागद भरून खेळायचा. पण हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला फक्त एवढंच दिसत होतं की माझ्याशिवाय खेळ चालू आहे, आणि मजेत चालू आहे! त्या बॉलला टप्पा नव्हता, त्यामुळे तो पायापासून लांब जायचाच नाही. बारक्याचं ड्रिब्लिंग उलट आणखी सुधारलं. माझा बॉल माळ्यावर. त्यातली हवा हळूहळू जात होती.

किती महिने मी गच्चीवरून पाहत होतो! खाली जायची लाज आणि न जायचा हट्ट, दोन्ही सारखेच. पण एक झालं. वरून पाहताना खेळ दिसायला लागला. खाली असताना मला फक्त बॉल दिसायचा. वरून रिकामी जागा दिसते. कोण उगाच धावतो, कोण पास देऊन मोकळ्या जागेत सरकतो, बारक्या मारायच्या आधी कुठे बघतो... आज तुम्ही लोक मला मॅचच्या मध्यात विचारता ना, "आता काय होईल रे?", ते सगळं मी त्या गच्चीवर शिकलोय. मी फुटबॉलचा फॅन झालो ते माझ्याच चुकीमुळे.

मग आला 15 सप्टेंबर 2017. त्या वर्षी 17 वर्षांखालच्या मुलांचा वर्ल्ड कप भारतात होता. काही सामने नवी मुंबईत होते, आपल्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. त्यानिमित्त सरकारने ठरवलं की महाराष्ट्रात एकाच दिवशी दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळायचं. ‘मिशन वन मिलियन’. आमच्या शाळेतही नवे बॉल आले. आम्ही पांढऱ्या गणवेशात रांगेत उभे राहिलो, प्रत्येकाने एकदा बॉलला पाय लावला, फोटो निघाले आणि बॉल कपाटात गेले. दहा लाखांत मी मोजला गेलो असेन तर तेवढ्या एका किकवर! मराठी शाळेत उलटं. तिथे बॉल मैदानावर आला तो मैदानावरच राहिला, आणि काही दिवसांतच त्यातली हवा गेली.

एका संध्याकाळी दाराशी बारक्या. जवळजवळ वर्षभराने. नजर जमिनीवर. "तुझ्याकडे पिन आहे ना? हवा भरायची?"

मी माळ्यावर चढलो. पंप काढला, पिन काढली. माझा बॉल तिथेच होता, सुरकुतलेला. तो तिथेच ठेवला आणि फक्त पंप घेऊन खाली उतरलो. हवा भरून झाली. बारक्याने बॉल दोनदा आपटून पाहिला आणि म्हणाला, "कीपर नाहीये आमच्याकडे. राहतो का?" बस. सॉरी नाही, काही नाही. मी बूट ओट्यावर काढले आणि विटांच्या मध्ये जाऊन उभा राहिलो. त्या दिवशी मी पाच गोल खाल्ले. इतका आनंद मला त्यानंतर थेट सीईटीच्या निकालाला झाला!

आता 18 डिसेंबर 2022. माझी बारावी. बारक्याने शाळा सोडली होती आणि तो कापसाच्या टेम्पोवर क्लीनर होता. अर्जेंटिना-फ्रान्स फायनल. मी घरी टीव्हीसमोर, तो जिनिंगच्या गेटबाहेर गाड्यांच्या लाइनीत. ड्रायव्हरच्या मोबाइलवर मॅच आणि स्वतःच्या मोबाइलवर मी. 2-0, मग एम्बाप्पेचे दोन मिनिटांत दोन, मग 3-3... तुम्ही सगळ्यांनी पाहिलीय, काय सांगू! पण एक गोष्ट तुम्हाला माहीत नाही. माझा टीव्ही त्याच्या मोबाइलच्या अर्धा मिनिट पुढे होता. पेनल्टी सुरू झाल्या. मला जे दिसलं ते त्याला अजून दिसायचं होतं.

माँटिएल बॉल ठेवून मागे गेला. पळत आला, मारला. गोल! अर्जेंटिना चॅम्पियन! घरात पप्पासुद्धा उठून उभे राहिले. आणि मी तोंडावर हात दाबून गप्प. कानाला मोबाइल. पलीकडून बारक्याचा श्वास तेवढा ऐकू येत होता. "मारेल का रे?" त्याने विचारलं. मी म्हणालो, "बघ ना." अर्धा मिनिट किती मोठा असतो हे मला सबमिशनच्या रात्रीसुद्धा कळलेलं नाही, ते तेव्हा कळलं. मग तिकडून जो आवाज आला! टेम्पोचा पत्रा कोणीतरी बडवत होतं. बारक्या ओरडत होता, "गोल भो, गोल!" मग मीही ओरडलो, जणू मला आत्ताच दिसला.

हे सगळं आज का लिहितोय? मागच्या महिन्यात आपल्या ग्राउंडवर फर्स्ट इयरचा एक मुलगा ऑफसाइडवरून भांडला, स्वतःचा बॉल उचलला आणि रूमवर निघून गेला. सगळ्यांनी त्याला शिव्या घातल्या. मला घालता आल्या नाहीत. मी त्याच्या दारावर गेलो आणि म्हणालो, "कीपर नाहीये आमच्याकडे. राहतो का?" तो आला. बॉल न घेता आला असता तरी चाललं असतं, पण तो घेऊन आला, हेही खरं!

त्या दिवसापासून माझा बॉल मी रूमच्या आत ठेवत नाही. दाराबाहेर चपलांच्या शेजारी असतो. बी विंग, दुसरा मजला, जिन्याच्या उजवीकडे. कोणीही न्या, विचारू नका. मी अभ्यास करत असलो तर हाक मारा, नसलो तरी मारा.

या अंकाची एक कॉपी मी दिवाळीत जामनेरला नेणार आहे. बारक्या एवढं लांबलचक वाचणार नाही, म्हणून त्याच्यासाठी एका ओळीखाली पेनने रेघ मारून ठेवीन. ती ओळ ही – 2016 चा तो गोल होता. बॉल वरून गेला नव्हता. मला तेव्हाही दिसलं होतं.

आणि हो, बॉल न्या, पण पिन हरवू नका. जामनेरपासून आणलेली आहे.