टोपलीचा भार

अलंकार आम्ही शाळेत पाठ केले. 'सम', 'सारखा' असे शब्द आले की उपमा. उपमेय आणि उपमान एकरूप झाले की रूपक. 'जणू' दिसले की उत्प्रेक्षा. निंदेच्या आडून स्तुती असली की व्याजस्तुती. पुढे हीच लक्षणे मी रायपुरात अनेक वर्षे विद्यार्थ्यांना शिकवली. अलंकाराचे नाव सांगता आले म्हणजे अर्थ कळला, अशी माझी समजूत होती. तिला तडा गेला तो घरातल्याच एका प्रसंगाने.

वडील रुग्णालयात होते. दारावर हात आपटून आईच्या हातातली काचेची बांगडी गेली. "बांगडी वाढली," ती हलक्या आवाजात म्हणाली. हिंदी शाळेत शिकणारा माझा मुलगा हसला, "वाढली कशी, आजी? फुटली!" मी तत्परतेने त्याला समजावले : ही लक्षणा. वाच्यार्थ जुळत नाही, म्हणून रूढीने दुसरा अर्थ घ्यायचा. 'फुटली' हे अशुभ, म्हणून त्याच्या उलट शब्द योजला आहे. विवेचन निर्दोष होते. आई मात्र काही न बोलता आत गेली. जो शब्द ओठांवर येऊ नये म्हणून तिने एवढे जपले, तो आम्हा दोघांनी तिच्यादेखत उच्चारला होता.

शेजारच्या काकींना मराठी येत नाही. पण त्या आईजवळ जाऊन बसल्या. हिंदीतही दिवा विझवीत नाहीत, 'बढ़ाते' हैं, दुकानही तसेच. रहीमच्या दिव्यावरील दोह्यातला श्लेष याच क्रियापदावर उभा आहे. काकींना तो दोहा ठाऊक असो वा नसो, त्या शब्दामागचे भय त्यांच्या ओळखीचे होते.

त्या रात्री मला माधवराव सप्रे यांची 'एक टोकरी भर मिट्टी' ही कथा आठवली. 'दासबोध' आणि 'गीतारहस्य' हिंदीत आणणारे, मराठी घरात जन्मलेले सप्रे १९२६ साली रायपुरातच निवर्तले. त्यांची ही कथा १९०१ मध्ये 'छत्तीसगढ़ मित्र'मध्ये प्रसिद्ध झाली. झोपडी हिरावून घेणाऱ्या जमीनदाराला एक विधवा मातीची टोपली उचलायला हात लावण्याची विनंती करते. ती त्याला उचलत नाही. एक टोपली पेलत नाही, तर साऱ्या मातीचा भार जन्मभर कसा पेलणार, असे ती विचारते. आणि तो झोपडी परत करतो. येथे भार मातीचा आहे तसाच अन्यायाचाही. हा दुसरा अर्थ त्याला कोणी फोड करून सांगितला नाही. क्षणापूर्वी त्याचेच हात त्या टोपलीला लागले होते, म्हणून तो त्याला कळला. मी आईच्या शब्दाचे नाव सांगितले होते. त्याला हात लावला नव्हता.

लक्षणे मी आजही शिकवतो, त्यांवाचून चालत नाही. मात्र उदाहरण देताना आता आधी विचारतो, की हे कोण, कोणाला आणि कोणत्या वेळी म्हणाले.

वडील त्या आजारातून उठले. ते घरी आले त्या दिवशी आईने नव्या बांगड्या भरल्या. आजोबांनी कारण विचारले तेव्हा मुलगा म्हणाला, "आजीची बांगडी वाढली होती." या वेळी तो हसला नाही.