वर्कशॉपराव

उरल्याला जायचं म्हणजे रायपूर शहर मागे टाकून बिरगावच्या बाजूने ट्रकांच्या रांगेत निमूट शिरायचं. दोन्ही अंगांना रोलिंग मिल, स्पंज आयर्नचे कारखाने, धर्मकाटे, टायरवाले, चहाच्या टपऱ्या. या काळवंडलेल्या गोतावळ्यात एक उंच पत्र्याची शेड लागते. दारात सीजी ०४च्या मोटारी तोंड बारीक करून ओळीने उभ्या असतात. हेच आमचे वर्कशॉपराव. एका मोटार कंपनीच्या अधिकृत डीलरचं सर्व्हिस सेंटर, हा त्यांचा हुद्दा. कंपनी कोणती ते विचारू नका. कंपन्या बदलतात, गणवेशाचे रंग बदलतात, स्वभाव तोच राहतो.

रावांची ओळख करून घ्यायची तर आधी त्यांच्या धाकट्या बहिणीला भेटावं लागतं, कारण त्यांच्याकडे जाणारा रस्ता तिच्याच दारातून जातो. शोरूमताई शहरात राहतात, काचेच्या घरात. सदा एसी, सदा हसतमुख. तुम्ही नुसती चौकशी केलीत तरी कॉफी येते, संध्याकाळी फोन येतो आणि रविवारी टेस्ट ड्राइव्हची गाडी तुमच्या फाटकाशी उभी राहते. तुमच्या लग्नाचा वाढदिवस त्यांना तुमच्यापेक्षा पक्का ठाऊक असतो. धनत्रयोदशीला तर त्यांचा उत्साह पाहावा. गाडीवर लाल सॅटिनचं कापड, चार चाकांखाली चार लिंबं, नारळ, केक आणि फोटोसाठी पुठ्ठ्याची हातभर किल्ली. वॉचमनसुद्धा टाळ्या वाजवतो. फोटो झाला की ताई एक कार्ड हातात ठेवतात, ‘सर्विस के लिए इस नंबर पे,’ आणि तिथून पुढे तुम्ही त्यांचे कोणी नसता. तुम्ही दादांचे झालात.

दादा सकाळी नऊला भेटतात आणि पहिल्या भेटीत कमालीचे टापटिपीचे वाटतात. सीटवर प्लास्टिक, पायाखाली कागद. मग हातात जॉब कार्ड घेऊन गाडीभोवती एक सावकाश प्रदक्षिणा. प्रत्येक ओरखडा लिहून घेतात. मागच्या बंपरवरचा जो ओरखडा तुम्हाला आजवर दिसला नव्हता, तो त्यांना दहा फुटांवरून दिसतो. ‘सर, ये पहले से है,’ एवढंच म्हणतात आणि तुमची सही घेतात. संध्याकाळी गाडी परत मिळते तेव्हा स्टिअरिंगवर ग्रीसचा एक अंगठा उमटलेला असतो. जॉब कार्डावर त्याची नोंद नसते.

दुपारी बाराच्या सुमारास रावांना तुमची आठवण येते. फोन वाजतो. ‘सर, एक छोटा सा इश्यू है.’ हे वाक्य ज्याने ऐकलं नाही तो मोटारमालक व्हायचा आहे. मग यादी सुरू होते: थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, इंजिन डीकार्बनायझिंग, एसीचं जंतुनाशक, अंडरबॉडी कोटिंग, वायपर ब्लेड. पहिल्या काही सर्व्हिसना मजुरी माफ असते, तेल आणि फिल्टर विकत. हा हिशेब ताईंनी सांगितलेला असतो, पण पुठ्ठ्याची किल्ली हातात घेतलेल्या माणसाच्या कानात तो शिरत नाही. ‘फ्री सर्विस’चं बिल पाहून जो धक्का बसतो त्याचं खापर दादांच्या माथी फुटतं. त्यांचीही बाजू आहे. नव्या गाडीवर डीलरला सुटणारं मार्जिन बेताचं असतं. घर चालतं ते सर्व्हिस, सुटे भाग, विमा आणि ॲक्सेसरीजवर. ताईंच्या कॉफीचे पैसे दादा मिळवतात.

एका बाबतीत मात्र उरल्याच्या रावांशी वाद घालता येत नाही, आणि ते त्यांना पुरतं ठाऊक आहे. ती बाब म्हणजे एअर फिल्टर. ते तुम्हाला आत बोलावतात, जुना फिल्टर दोन बोटांत धरतात आणि टेबलावर पसरलेल्या पेपरवर हलकेच आपटतात. टप, टप. कागदाच्या घड्यांमधून काळी भुकटी गळते, तिचा छोटा ढीग होतो, ढिगात मधूनच काहीतरी चमकतं. लोहचुंबक फिरवून पाहावंसं वाटेल अशी ही धूळ. उरला-सिलतऱ्याच्या चिमण्यांतून निघते आणि वारा फिरला की रायपूरच्या गच्च्यांवर वाळत घातलेल्या चादरींपर्यंत पोचते. पुस्तिकेत फिल्टर बदलायचं अंतर छापलेलं असतं, ते छापणाऱ्याने उरला पाहिलेला नसतो. ढीग दाखवून झाला की राव गप्प उभे राहतात. तुम्ही मान हलवता. याच मान हलण्यावर ते पुढे वायपर ब्लेडसुद्धा खपवतात.

आवाजाच्या बाबतीत राव भारी नशीबवान. महिनाभर तुमच्या गाडीच्या डाव्या पुढच्या चाकाशी ‘कट्-कट्’ होत असते. बायको ऐकते, शेजारी ऐकतात, पेट्रोल पंपावरचा पोरगाही ‘भैया, कुछ बज रहा है’ म्हणतो. रावांचा माणूस शेजारी बसला की गाडी एकदम शालीन होते. खड्ड्यातून न्या, गतिरोधकावरून न्या, तोंडातून शब्द नाही. जॉब कार्डावर शेरा पडतो: ‘ट्रायल घेतली, आवाज आढळला नाही.’ फाटकाबाहेर पडून ट्रकांच्या रांगेत शिरलात की कट्-कट् पूर्ववत.

रावांच्या घड्याळात पाच वाजतच नाहीत. गाडी पाचला मिळणार असते. पाचला विचारलं तर ‘वॉशिंग में लगी है.’ सहाला विचारलं तरी वॉशिंगच. इतका वेळ धुतली तर रंग उरेल का, अशी शंका यावी. आत, पिटाशी उभ्या असलेल्या छत्तीसगढी पोराला गाठलंत तर तो मात्र हातातला पाना न थांबवता ‘हो जाही भइया’ म्हणतो, आणि त्याच्या सुरात असं काही असतं की आपण परत बाहेर येऊन गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या टीव्हीसमोर बसतो. अख्ख्या घराण्यात खरं बोलणारा तेवढाच. पण त्याला गिऱ्हाइकासमोर आणायची रावांची पद्धत नाही.

राव संशयी आणि मत्सरीही आहेत. बॉनेट उघडलं की पहिला प्रश्न, ‘बाहर किसी ने हाथ लगाया क्या?’ भानपुरीच्या एखाद्या मिस्त्रीने नुसता बल्ब बदललेला असला तरी त्यांचा चेहरा पडतो, आणि वॉरंटीचा विषय निघतो. हा मत्सर रावांना वडिलांकडून, म्हणजे कंपन्यांकडून, आलेला. खरे सुटे भाग खुल्या बाजारात मिळू देत नाहीत, म्हणून भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ साली देशातल्या १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींच्या वर दंड ठोठावला होता. कंपन्या अपिलात गेल्या. मिस्त्री अजून भानपुरीतच आहे.

या सगळ्या रुबाबाला एकाच गोष्टीची भीती असते: कंपनीकडून येणारा तो फोन. किल्ली देताना एरवी ताठ असणारे राव एकदम मऊ होतात. ‘अंकल, कंपनी से कॉल आएगा, दस में से दस बोल देना. नौ मत बोलना.’ दहाचा हा सोस आला कुठून? अमेरिकेत जे. डी. पॉवर नावाच्या गृहस्थांनी १९६८ मध्ये मोटारमालकांना त्यांचं मत विचारण्याचाच धंदा काढला. पुढे २००३ मध्ये फ्रेड रायकेल्ड यांनी एकाच प्रश्नाची युक्ती मांडली: आमची शिफारस कराल का, शून्य ते दहा सांगा. नऊ-दहा देणारे आपले, सात-आठवाले हिशेबात नाहीत, सहा आणि खालचे विरोधी. शाळेत दहापैकी आठ मिळाले तर आपल्याकडे पेढे वाटतात, इथे आठ म्हणजे कोणाचा तरी इन्सेंटिव्ह बुडाला. म्हणून गिऱ्हाईक दहा सांगून टाकतं. कंपनी समजते, उरल्यात आनंदीआनंद आहे. खरा निकाल मात्र संध्याकाळी रायपूरच्या चौबे कॉलनीत, महाराष्ट्र मंडळाच्या पायऱ्यांवर लागतो. तिथे कोणी ‘नवी गाडी घेतोय’ म्हणालं की मायलेज आणि एअरबॅगच्या आधी प्रश्न येतो, ‘सर्व्हिस कशी आहे रे त्यांची?’ त्या उत्तराला कोणी दहाची मोजपट्टी लावत नाही.

हा प्रश्न किती जड असतो ते रांजणगावला विचारा. पुण्याजवळच्या या गावातल्या कारखान्यातून फियाटची पुंटो बाहेर पडली, २००९ मध्ये. दणकट पत्रा, रस्त्याला घट्ट धरून चालणारी. तिचं १.३ लिटरचं डिझेल इंजिन मूळ फियाटचंच, आणि तेच इंजिन मारुतीच्या स्विफ्टलाही होतं. काळीज एकच, पण स्विफ्टसाठी लोक महिनोन्‌महिने थांबायचे आणि पुंटोजवळून ‘गाडी छान आहे हं’ म्हणत पुढे जायचे. फियाटच्या गाड्या तेव्हा टाटांच्या डीलरांकडे विकल्या जात, तिथेच दुरुस्त होत. २०१२ मध्ये ती वाटही वेगळी झाली. गाडी न खपण्याची कारणं कंपन्यांच्या अहवालांत बरीच सापडतील. गिऱ्हाइकाच्या तोंडी एकच होतं, ‘पण सर्व्हिसचं काय?’ उलट मारुतीने जे. डी. पॉवरच्या सर्व्हिस समाधानाच्या यादीत २००० सालापासून दहाहून जास्त वर्षं सलग पहिला नंबर राखला. तिच्या गाडीचा पत्रा पातळ म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनीही शेवटी तीच घेतली.

रायपूरच्या मराठी घरांना याचं मर्म लवकर कळतं, कारण त्यांची सोयरीक नागपूरला. लग्नकार्याला जायचं म्हणजे राजनांदगाव, देवरी, साकोली, भंडारा असा तीनशे किलोमीटरपेक्षा थोडाच कमी रस्ता. गाडी घेताना मनातल्या मनात हाच रस्ता डोळ्यांपुढे येतो: साकोलीजवळ बंद पडली तर कोणाचं वर्कशॉप जवळ? शेव्हरोलेने २०१७ मध्ये इथली विक्री गुंडाळायचं जाहीर केलं, फोर्डने २०२१ मध्ये कारखाने बंद करायचं. सुटे भाग मिळत राहतील, असं दोघांनीही सांगितलं. तरी त्यांच्या गाड्यांचा जुन्या बाजारातला भाव घसरला. गाडी तीच, एक नटही सैल झाला नव्हता. मागे उभा असलेला रावांसारखा माणूस उद्या असेल का, एवढीच शंका आली होती.

आणि राव मनात आणतील तर मोठे दिलदारही आहेत. तात्यापाऱ्यातले एक निवृत्त मास्तर ब्रेक पॅड बदलायचेच म्हणून पैसे घेऊन आले होते. रावांच्या सर्व्हिस ॲडव्हायझरने चाक उतरवलं, मास्तरांना वाकायला लावलं आणि पॅडच्या कडेला नख टेकवून दाखवलं, ‘काका, अजून एवढा बाकी आहे, आठ-दहा हजार किलोमीटर जाईल. आत्ता नको.’ हे वाक्य तो चक्क मराठीत बोलला. आजी गोंदियाची, म्हणाला. बिलात त्या दिवशी बदललेल्या मालाची ओळ कोरी. मास्तरांनी दिवाळीत मुलीसाठी गाडी घेतली ती टेस्ट ड्राइव्हसुद्धा न घेता, त्याच कंपनीची. शोरूमताईंनी केक कापला, फोटो काढला आणि विक्री आपल्या नावावर लावली. आपण लावलेल्या झाडाची फळं बहिणीच्या पदरात पडतात, याचं रावांना वाईट वाटत असेल, पण तसं ते बोलत नाहीत.

त्यांचा खरा दोष म्हणजे अशा माणसांची त्यांना किंमत नसते. महिन्याचं टार्गेट असतं: इतकी कोटिंग, इतकी क्लीनिंग. ‘आत्ता नको’ म्हणणारा पोरगा टार्गेटात बसत नाही. तो ॲडव्हायझर वर्षभरात रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या कंपनीच्या वर्कशॉपात गेला. जाताना त्याच्याकडे पाना नव्हता, पोस्टर नव्हतं, होता फक्त मोबाइलमध्ये साठवलेल्या लोकांचा विश्वास. पुढच्या दोन-तीन वर्षांत तात्यापारा आणि चौबे कॉलनीतल्या काही फाटकांआतल्या गाड्यांवरचं चिन्ह बदललं. मास्तरांच्या मुलीनेही गाडी बदलली. रावांच्या कंपनीने त्यावर अहवाल मागवला तेव्हा उत्तर गेलं की या भागातल्या ग्राहकांची डिझाइनबद्दलची आवड बदलली आहे.