लाइट चालू आहे!

जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार फुटांवर. पावसाळ्यात इथलं धुकं दिवसाढवळ्या रस्त्यावर बसतं. विक्रमगडकडून घाट चढणारा किंवा मोखाड्याहून तोरंगण घाटाने त्र्यंबकेश्वरला निघालेला चालक भर दुपारी लाइट लावतो. मग धुकं मागे पडतं, ऊन येतं आणि उन्हात आपलेच दिवे आपल्याला दिसत नाहीत. जुन्या गाडीत ते आठवणीने बंद करावे लागत. त्या आठवणीभोवती या रस्त्यांवर जे जमलं होतं, ते आता एकेक करून चाललं आहे. त्याची ही यादी.

स्टॉपर. जुन्या डिझेल जीपचं इंजिन किल्लीने बंद होत नसे. डॅशबोर्डखालची दांडी ओढायची, डिझेल तुटायचं, इंजिन थांबायचं. लाइटचं बटण वेगळं, त्याचा किल्लीशी संबंध नाही. किल्ली खिशात गेली तरी दिवे जळत राहात. म्हणून उतरण्याआधी चालकाचा हात ठरलेल्या क्रमाने फिरे: स्टॉपर, किल्ली, लाइट, हँडब्रेक.

पायातला डिपर. क्लचच्या डावीकडे, जमिनीवर लोखंडी बटण. समोरून गाडी आली की वरचा झोत (अप्पर) खाली (डिपर) करायला ते डाव्या पायाने दाबायचं. अप्पर लागला की मीटरजवळ छोटा निळा दिवा लागे. डिपरवर तो विझलेला. धुक्यात डिपरच लावायचा असतो, कारण अप्परचा झोत धुक्यावर आपटून डोळ्यांवर परततो. म्हणजे नेमकी ज्या दिवशी विसरायची भीती जास्त, त्या दिवशी सांगायला निळा दिवाही नसे.

पिवळा कागद. पावसाळा लागला की काही चालक हेडलाइटच्या काचेवर पिवळा जिलेटीन कागद चिकटवत. काचेच्या वरच्या भागाला काळा रंग तर बारमाही असे, समोरच्याच्या डोळ्यांवर उजेड जाऊ नये म्हणून.

बॅटरीचा हिशोब. डिपरवर 55 वॅटचे दोन बल्ब, मागचे दिवे, नंबरप्लेटचा दिवा. बारा व्होल्टच्या बॅटरीतून दहा-अकरा अँपिअर जाणारच. साठ अँपिअर-अवरची नवी बॅटरीही पाच-सहा तासांत रिकामी होते. जुनी त्याआधीच सेल्फ फिरवायचं नाकारते. सकाळी बाजाराला येऊन दुपारी परतणाऱ्याला तेवढा वेळ पुरे. बॅटरीत पाणी आहे का, हे झाकणं उघडून बघणं हा तेव्हा चालकाच्या कामाचाच भाग होता.

उतारावरची जागा. बॅटरीचा भरवसा नसलेला माणूस गाडी सपाटीला लावत नसे. तोंड उताराकडे, पुढच्या चाकाखाली दगड. जव्हार-मोखाड्यात उताराला तोटा नाही. निघताना दगड काढायचा, गाडी सोडायची, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडायचा. शहाणा चालक तो दगड रस्त्यातून उचलून कडेला ठेवून जाई.

धक्का. उतार नसेल तर माणसं. काळी-पिवळीतले प्रवासी न सांगता उतरत आणि मागे हात लावत. जुन्या डिझेल इंजिनाचा पंप यांत्रिक. एकदा चाकांनी इंजिन फिरवलं की ते बॅटरीशिवायही चालतं. नव्या गाडीत डिझेलचा फवारा इलेक्ट्रॉनिक यंत्रणा ठरवते. बॅटरी पूर्ण बसली की कितीही माणसांनी ढकलली तरी ती सुरू होत नाही.

हँडल. त्याहून जुन्या जीपना समोरून घालायचं लोखंडी हँडल. ते धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, कारण इंजिनाने उलटा झटका दिला तर अंगठा मोडतो. हे शिकवल्याशिवाय नव्या पोराच्या हातात हँडल देत नसत.

हाताची खूण. या यादीत मला सगळ्यात मोलाची वाटते ती हीच. समोरून येणारा अनोळखी माणूस हात वर करून बोटं मिटायचा, उघडायचा: तुमची लाइट चालू आहे. पायी चाललेली माणसंही करत. स्टँडवर उभ्या गाडीचे दिवे दिसले तर चहावाला ओरडे, "ओ दादा, लाइट चालू आहे!" गाडी कुणाची, हे त्याला ठाऊक नसे आणि ठाऊक असायची गरजही नसे.

दुचाकीचं बटण. 1 एप्रिल 2017 पासून देशात नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनाबरोबर लागतो आणि इंजिनाबरोबरच विझतो. बंद करायचं बटणच नाही. नियम योग्य आहे. घाटातल्या धुक्यात समोरची मोटरसायकल वेळेवर दिसली की जीव वाचतो. सुरुवातीला लोक या नव्या दुचाकींनाही खूण करत. पुढे कळलं की त्या दिवसाही पेटलेल्याच असतात, आणि हात खाली आले. चारचाकीत तर आता गाडीच चालकाला आठवण करून देते, काही गाड्यांत दिवे स्वतःच विझतात.

राहिल्या जुन्या गाड्या. भाजी, भात, माणसं वाहणाऱ्या जीप, टेम्पो आणि स्कूटर या भागात अजून धावतात, आणि त्यांच्या मालकाला नवी बॅटरी सहज परवडत नाही. रस्त्यावर सगळेच दिवे पेटलेले असताना खरोखर विसरलेला दिवा कुणाच्या डोळ्यांत येत नाही. म्हणून एक विनंती. उभ्या गाडीचे दिवे जळताना दिसले, तर पुढे जाऊ नका. आजूबाजूला विचारा, गाडी कुणाची ते शोधा, आणि सांगा.